लाल टोपी, पांढरा झेंडा आणि बंद झडपा

मागच्या अंकात या सदरात मी फ्रान्समधल्या माझ्या एका वर्षाबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि तुमची पत्रं सुरू झाली. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १९८४च्या ऑक्टोबरमध्ये, चोवीस वर्षांची असताना, एका फ्रेंच शाळेत इंग्रजी संभाषणाची साहाय्यक म्हणून मी गेले. डोळ्यांपुढे पॅरिस होतं. मिळालं ला रोश-सुर-योन, पश्चिमेकडच्या वाँदे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. तिथं सत्तरी ओलांडलेल्या एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली. त्यांना मी 'मादाम' म्हणायचे, इथंही तेच म्हणते. परत आल्यावर तीस वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवलं. पण फ्रेंच लोकांच्या राजकारणाची माझी स्वतःची शिकवणी झाली ती मादामच्या जेवणाच्या टेबलावर. यावेळची पत्रं बहुतेक त्याच वळणाची आहेत.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो लाल, त्रिकोणी, मोठ्या डोळ्यांचा प्राणी कोण होता? नातू म्हणतो समोसा, मी म्हणतो मिरची. पैज लागली आहे.
— एक आजोबा, नाशिक

आजोबा, पैज दोघंही हरलात. ती टोपी आहे. २०२४ साली पॅरिसवाल्यांनी वाघ-अस्वल काही न घेता चक्क एका टोपीलाच हातपाय आणि डोळे लावले. पॅरालिंपिकच्या टोपीला एका पायाच्या जागी धावपटू वापरतात ते पातं होतं. नाव 'फ्रीज'. आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजशी तिचा संबंध नाही. आजच्या तुर्कस्तानात पूर्वी फ्रिजिया नावाचा प्रदेश होता, शेंडा पुढे झुकलेली ही मऊ टोपी तिकडची. गंमत म्हणजे प्राचीन रोममध्ये मुक्त केलेल्या गुलामाला जी टोपी मिळायची ती वेगळीच होती. पुढच्या चित्रकारांनी आणि पंडितांनी दोन टोप्यांची गल्लत केली, आणि राज्यक्रांतीत पॅरिसच्या लोकांनी 'मुक्त गुलामाची टोपी' म्हणून जी डोक्यावर चढवली ती फ्रिजियाची निघाली. आता कोण दुरुस्त करणार!

२० जून १७९२ला जमाव त्विलरी राजवाड्यात शिरला तेव्हा सोळाव्या लुईनंही ती घातली आणि लोकांसमोर राष्ट्राच्या नावानं वाईन प्यायली. आपल्याकडे 'टोपी घालणे'चा अर्थ निराळा असला, तरी त्या दिवशी कोणी कोणाला घातली हे सांगणं अवघड आहे. राजाला वाटलं असेल आपण वेळ मारून नेली. सात आठवड्यांनी तोच राजवाडा लोकांनी लढून घेतला.

ही टोपी जिच्या डोक्यावर कायमची बसली ती मारियान, म्हणजे प्रजासत्ताकाची मूर्ती. मारी आणि आन ही त्या काळात घरोघरी आढळणारी नावं, त्यांची ही जोडगोळी. राजघराण्यातलं नाही, स्वयंपाकघरातलं नाव. प्रजासत्ताकाच्या विरोधकांनी ते टिंगल म्हणून वापरलं आणि समर्थकांनी लाडानं. टपालाच्या तिकिटावर ती असते, सरकारी कागदांच्या डोक्यावर असते, आणि गावोगावच्या 'मेरी'त, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, तिचा अर्धपुतळा असतो. कायद्यानं तो ठेवलाच पाहिजे असं नाही, तरी बहुतेक ठिकाणी असतो. वाँदेतल्या एका खेड्यात मी एका सहशिक्षिकेच्या लग्नाला गेले होते. लग्न तिकडे आधी मेरीत लागतं, मग हवं तर चर्चमध्ये. महापौर तिरंगी पट्टा बांधून कलमं वाचत होते आणि त्यांच्या मागे जी मारियान होती तिचे ओठ, केस, सगळंच जरा जास्त देखणं होतं. मी शेजारणीला विचारलं, ही कोण? ती कुजबुजली, "ब्रिजित बार्दो!" १९६९ साली एका शिल्पकारानं त्या नटीच्या चेहऱ्यावरून मारियान घडवली होती, तीच ही. पुढे १९८५मध्ये कातरीन दनव हिचा चेहरा आला. राष्ट्राची देवी म्हणून सिनेनटी बसवायची कल्पना मला तेव्हा पोरकट वाटली होती. आता तेवढी वाटत नाही. निदान ती हसतमुख तरी होती.

फ्रान्सच्या झेंड्यातही आपल्यासारखे तीन रंग. त्यातला पांढरा शांततेचाच ना?
— गृहिणी, सांगली

नाही हो. तिथला पांढरा म्हणजे राजा. निळा आणि लाल हे पॅरिस शहराचे रंग. बास्तिलचा तुरुंग पडल्यावर तीन दिवसांनी, १७ जुलै १७८९ला, राजा पॅरिसच्या नगरभवनात आला आणि त्यानं शहराच्या रंगांचा बिल्ला स्वीकारला. शहराच्या दोन रंगांमध्ये राजाचा पांढरा, अशी तडजोड. निळा-पांढरा-लाल असे उभे पट्टे कायद्यानं ठरले ते फेब्रुवारी १७९४मध्ये, आणि तोवर ज्याच्यासाठी पांढरा ठेवला त्याचं डोकं उडवून वर्ष झालं होतं.

मादामच्या जेवणाच्या खोलीत एका दाढीवाल्या, गोल चेहऱ्याच्या गृहस्थाची फिकट तसबीर होती. पहिला महिनाभर मी ती त्यांच्या आजोबांची समजत होते, आणि एकदा "तुमचे डोळे अगदी आजोबांवर गेलेत" असं म्हणूनही टाकलं. मादाम इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. तो निघाला काउंट ऑफ शाँबोर, फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याचा नातू, राजनिष्ठांच्या हिशेबी पाचवा हेन्री.

या माणसाची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे. १८७०-७१मध्ये प्रशियाकडून फ्रान्स हरला, सम्राट तिसरा नेपोलियन गेला, आणि जी राष्ट्रसभा निवडून आली तिच्यात राजेशाहीवाल्यांचं बहुमत होतं. म्हणजे सिंहासन जवळजवळ मांडलेलंच. अट एकच, तिरंगा स्वीकारायचा. शाँबोर म्हणाला, माझ्या पूर्वजांचा पांढरा झेंडा मी सोडणार नाही. १८७१मध्ये एकदा म्हणाला, १८७३मध्ये पुन्हा म्हणाला. समर्थकांनी कपाळाला हात लावला. एवढ्या रंगाच्या तुकड्यासाठी राज्य घालवणारा माणूस मूर्ख की तत्त्वनिष्ठ यावर माझ्या वर्गात दरवेळी दोन तट पडत. माझं मत विचाराल तर दोन्ही. राजेशाहीवाल्यांनी ठरवलं, थोडं थांबू, हा म्हातारा होईल, मरेल, मग दुसरा शहाणा वारस आणू. तोवर जागा राखायला म्हणून अध्यक्ष मॅकमाओनला सात वर्षांची मुदत दिली. शाँबोर १८८३ साली ऑस्ट्रियात वारला, पण तोपर्यंत लोकांना प्रजासत्ताकाची सवय झाली होती. ती सात वर्षांची मुदत मात्र फ्रेंच अध्यक्षांना तशीच चिकटली, थेट २००० सालच्या सार्वमतात ती पाच वर्षांवर येईपर्यंत.

झेंड्यातल्या निळ्याची छटासुद्धा अध्यक्षागणिक फिकी-गडद होते. जिस्कार देस्तँच्या काळात उजळली, माक्राँनी २०२०मध्ये आपल्या राजवाड्यावर पुन्हा गडद केली. बऱ्याच फ्रेंच लोकांना हे वर्षभरानं वर्तमानपत्रातून कळलं.

कोंबडा का? सिंह-गरुड सोडून कोणी कोंबडा घेतं का?
— पोल्ट्रीवाला वाचक, अलिबाग

तुमच्या धंद्याचा अपमान करू नका! लॅटिनमध्ये 'गाल्लुस' म्हणजे कोंबडा आणि 'गाल्लुस' म्हणजे गॉलचा, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या मुलुखाचा, माणूसही. ही कोटी जुनी, आणि मूळची चिडवण्यासाठी वापरलेली. नेपोलियनपुढे १८०४मध्ये कोंबड्याचं नाव आलं तेव्हा त्यानं ते उडवून लावलं, याच्या अंगात बळ नाही म्हणून, आणि गरुड घेतला. १८३०च्या क्रांतीनंतर कोंबडा राष्ट्रीय रक्षकांच्या गणवेशाच्या गुंड्यांवर परत आला. आज तो अधिकृत चिन्ह नाही, पण फुटबॉलच्या जर्सीवर आहे, गावोगावच्या युद्धस्मारकांवर आहे, आणि अध्यक्षांच्या राजवाड्याच्या बागेच्या फाटकावर सोन्याचा मुलामा लावून बसलाय. फ्रेंच लोकच स्वतःवर विनोद करतात की पाय उकिरड्यात असतानाही छाती काढून आरवणारा हा एकच पक्षी. अलिबागला हे तुम्ही रोज पहाटे बघत असाल.

'स्वातंत्र्य, समता, बंधुता' बाबासाहेबांनी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलं असं पाठ्यपुस्तकाबाहेर मुलं ऐकतात आणि मला विचारतात. काय सांगू?
— माध्यमिक शिक्षक, परभणी

सर, बाबासाहेबांनीच सांगून ठेवलंय तेच सांगा. १९५४च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात ते म्हणाले की माझं सामाजिक तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे, पण ते मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलं असं कोणी म्हणू नये. त्याची मुळं राज्यशास्त्रात नाहीत, धर्मात आहेत, आणि ते मी माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलं. याहून स्पष्ट काय हवं? २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी हेही बजावलं होतं की ही तीन वेगवेगळी तत्त्वं नव्हेत, एक काढलं की उरलेली दोन निरर्थक होतात.

फ्रान्समध्ये हे तिघं एकत्र यायलाच किती वेळ लागला ते मुलांना जरूर सांगा. राज्यक्रांतीचा पुढारी रोबस्पिएर यानं डिसेंबर १७९०च्या भाषणात हे शब्द सुचवले, पण तेव्हा ते अधिकृत झाले नाहीत. संविधानात आले १८४८ साली. सरकारी इमारतींच्या कपाळावर कोरले गेले १८८०मध्ये. १९४० साली जर्मनांपुढे शरणागती पत्करल्यावर सत्तेवर आलेल्या मार्शल पेतँच्या राजवटीनं ते पुसून 'काम, कुटुंब, मातृभूमी' असं लिहिलं आणि मुक्तीनंतर ते परत आले. आणि शब्द कोरले म्हणजे झालं असं नाही. वसाहतींतली गुलामगिरी १७९४मध्ये रद्द केली, १८०२मध्ये नेपोलियननं पुन्हा आणली, १८४८मध्ये पुन्हा रद्द करावी लागली. स्त्रियांचे हक्क मांडणारा जाहीरनामा १७९१मध्ये लिहिणाऱ्या ऑलांप द गूज हिचा दोन वर्षांनी शिरच्छेद झाला. फ्रेंच बायकांनी पहिल्यांदा मत दिलं १९४५च्या एप्रिलमध्ये! मादाम तेव्हा तिशीच्या पुढे होत्या. 'फ्रातेर्निते' म्हणजे भावाभावांचं नातं, त्या मला म्हणायच्या, बहिणींचा विचार त्यांना फार उशिरा सुचला. आपल्या 'बंधुते'तही बहीण शब्दात दिसत नाहीच म्हणा.

माझ्या गायनवर्गातल्या एका मुलीनं फ्रेंच राष्ट्रगीत बसवलं, मग अर्थ शोधला आणि घाबरून मला विचारायला आली. इतकं रक्त राष्ट्रगीतात?
— संगीत शिक्षिका, कोल्हापूर

ताई, तिचं घाबरणं योग्य आहे. ध्रुवपदाचा अर्थ असा: नागरिकहो, शस्त्रं उचला, पलटणी बांधा, चला, अशुद्ध रक्तानं आपल्या शेतांचे तास भिजू देत. नांगराचे तास! मी खेड्यातल्या आजोळी वाढले, त्यामुळे ही ओळ पहिल्यांदा समजली तेव्हा अंगावर काटा आला.

पण ते गाणं राष्ट्रगीत म्हणून लिहिलेलंच नाही. २० एप्रिल १७९२ला फ्रान्सनं ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. बातमी सरहद्दीवरच्या स्ट्रासबूर शहरात पाच दिवसांनी पोचली. तिथले महापौर दिएत्रिक यांनी रूजे द लील नावाच्या इंजिनिअर पलटणीतल्या कॅप्टनला म्हटलं, आपल्या सैनिकांना एखादं गाणं पाहिजे. त्यानं २५ आणि २६ तारखेच्या मधल्या रात्री ते लिहिलं. नाव ठेवलं 'ऱ्हाइनच्या सैन्यासाठी युद्धगीत', अर्पण केलं मार्शल ल्युकनेर यांना. त्या उन्हाळ्यात मार्सेयचे स्वयंसेवक ते गात गात पॅरिसला पोचले, म्हणून पॅरिसकरांनी त्याला 'मार्सेयेझ' म्हटलं. म्हणजे स्ट्रासबूरमध्ये जन्मलेल्या गाण्याला नाव मिळालं देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदराचं, जिथं १९१०च्या जुलैमध्ये सावरकरांनी बोटीतून उडी घेतली तेच मार्सेय.

पुढचं मुलीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ज्यांनी गाणं मागितलं ते दिएत्रिक डिसेंबर १७९३मध्ये गिलोटिनखाली, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राखाली, गेले. ज्यांना अर्पण केलं ते ल्युकनेर त्यानंतर आठवड्याभरात. स्वतः कवी राजाच्या पदच्युतीला विरोध केला म्हणून नोकरीतून निघाला आणि तुरुंगात पडला, जीव तेवढा वाचला. गिलोटिनकडे जाणाऱ्या गाड्यांच्या बाजूला लोक त्याचंच गाणं म्हणत होते. आणि वाँदेतल्या राजनिष्ठ शेतकऱ्यांनी त्याच चालीवर स्वतःचे शब्द बसवून ते प्रजासत्ताकाच्या सैन्याविरुद्ध गायलं. चाल चांगली असली की ती पक्ष बघत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

गाणं १७९५मध्ये राष्ट्रीय ठरलं, मग बाजूला पडलं, राजे परतल्यावर बंद झालं, आणि १८७९पासून राष्ट्रगीत आहे. जिस्कार देस्तँनी १९७४मध्ये त्याची लय संथ करवली होती, मितराँ आल्यावर ती पुन्हा जलद झाली. 'अशुद्ध रक्त' म्हणजे शत्रूचं नव्हे, आम्हा सामान्यांचंच, सरदारांच्या निळ्या रक्ताच्या विरुद्ध, असा एक अर्थ अलीकडे फार ऐकू येतो. मला ती सारवासारव वाटते. युद्धगीत आहे, रात्रीत लिहिलंय, शत्रूचंच रक्त आहे. वर्गात चाल शिकवा, शब्दांची तारीख सांगा.

मुलगी तुलूझला नोकरी करते. १ मे रोजी सहकाऱ्यानं तिला पांढऱ्या घंटांसारख्या फुलांची काडी दिली आणि जानेवारीत ऑफिसात केक कापताना तिला टेबलाखाली बसायला लावलं! हे सगळं नीट आहे ना?
— काळजीत असलेली आई, डोंबिवली

अगदी नीट आहे, शांत झोपा. फुलं म्हणजे 'म्यूगे', शुभेच्छा म्हणून देतात. एवढ्यावरून स्थळ ठरलं असं समजू नका. मात्र या साध्या फुलामागेही भानगड आहेच. १ मेला कामगार पूर्वी लाल रानगुलाब लावायचे. १९४१मध्ये पेतँनं हा दिवस श्रम आणि सामाजिक सलोख्याचा म्हणून आपलासा केला आणि डाव्यांचं लाल फूल बाजूला सारून म्यूगे पुढे आणली. पेतँ गेला, म्यूगे राहिली, आणि आज डाव्या संघटनांचे लोकच त्या दिवशी रस्त्यावर तिच्या जुड्या विकतात.

केकची कथा अशी. ६ जानेवारीच्या सुमारास 'गालेत दे र्‍वा', राजांची पोळी, खातात. हे राजे म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले तिघं. गोव्यातल्या वाचकांना रेइश मागुश, म्हणजे हेच तीन राजे, ठाऊक आहेतच. पापुद्र्यांची गोल पोळी, आत बदामाचं सारण आणि सारणात लपवलेली एक चिमुकली चिनी मातीची बाहुली. सर्वांत लहान माणसानं टेबलाखाली बसायचं, वरचा विचारतो 'हा तुकडा कोणाचा?', खालचा नाव सांगतो, म्हणजे वशिला नको. ज्याच्या दाताखाली बाहुली येईल तो राजा, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. राज्यक्रांतीच्या ऐन भरात 'राजा' हा शब्दच नको म्हणून तिला समतेची पोळी म्हणायला लावलं होतं. आणि अध्यक्षांच्या राजवाड्यात दरवर्षी बेकरीवाले जी प्रचंड पोळी आणतात तिच्यात आजही बाहुली नसते. प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांच्या घरी राजा निघाला तर कसं व्हायचं!

१९८५च्या जानेवारीत मादामकडे आठ माणसं जमली होती आणि चोवीसची असूनही सर्वांत लहान मीच. नऊवारी नव्हे, पण पाचवारी साडी नेसून मी टेबलाखाली शिरले, पदर एका म्हाताऱ्या काकांच्या बुटाखाली अडकला, आणि तिथून मी आठ नावं ओरडले. बाहुली माझ्याच तुकड्यात निघाली. राजा किंवा राणी पेला ओठाला लावते तेव्हा सगळ्यांनी ओरडायचं असतं. मी दारू घेत नाही म्हणून माझ्या पेल्यात सफरचंदाचा रस होता. तो तोंडाशी नेला आणि मादामनी चमचा टेबलावर आपटत सर्वांत मोठ्यानं आरोळी दिली, "राणी पितेय! राणी पितेय!" तसबिरीतले दाढीवाले भिंतीवरून बघत होते.

२००९च्या १४ जुलैला पॅरिसच्या संचलनात आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान भारतीय तुकडीच्या पुढे होते. अभिमान वाटला. पण त्या दिवशी ते नेमकं काय साजरं करतात? एक तुरुंग पाडला म्हणून एवढं?
— निवृत्त सुभेदार, सातारा

सुभेदारसाहेब, ते संचलन मीही टीव्हीसमोर उभी राहून पाहिलं. आणि तुम्ही विचारलेलं तिथल्या लोकप्रतिनिधींनीही एकमेकांना विचारलं होतं.

तुरुंग म्हणाल तर १४ जुलै १७८९ला बास्तिलमध्ये कैदी होते सात. चार बनावट हुंड्यांवाले, दोन वेडे, एक घरच्यांनीच कोंडून ठेवलेला सरदार. लोक आले होते ते मुख्यतः दारूगोळ्यासाठी. राजानं त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं 'काही नाही'. ती शिकारीची वही होती, शिकार मिळाली नव्हती. बरोबर एका वर्षानं, १४ जुलै १७९०ला, शाँ द मार्सच्या मैदानात देशभरातून आलेल्या रक्षकदलांचा मोठा मेळावा झाला आणि त्यात राजानंही राष्ट्राशी निष्ठेची शपथ घेतली. म्हणजे एकाच तारखेला दोन दिवस: एक बंडाचा, एक समेटाचा. १८८० साली राष्ट्रीय सण ठरवायची वेळ आली तेव्हा काहींना बास्तिलचं रक्त नको होतं, काहींना राजाची शपथ नको होती. ६ जुलैला जो कायदा झाला तो एका ओळीचा: प्रजासत्ताक १४ जुलै हा वार्षिक राष्ट्रीय सण म्हणून स्वीकारतं. साल लिहिलेलंच नाही. ज्याला जे साल हवं ते त्यानं धरावं.

आणि ज्याला दोन्ही नको त्यानं काय करायचं? ते मी ला रोशमध्ये पाहिलं.

वाँदे म्हणजे राज्यक्रांतीशी लढलेला मुलूख. आधी त्यांचे पाद्री काढून घेतले, मग जानेवारी १७९३मध्ये राजाला मारलं, आणि पुढच्याच महिन्यात तीन लाख माणसांची सैन्यभरती जाहीर झाली. मार्चमध्ये शेतकरी उठले. छातीवर कापडाचं लाल हृदय आणि त्यावर क्रूस शिवून विळे-कोयते घेऊन निघाले. ते हरल्यावरही रक्तपात थांबला नाही. १७९४च्या सुरुवातीला प्रजासत्ताकाच्या जनरल त्युरोच्या तुकड्या गावं जाळत फिरल्या, बायकापोरांसकट. मेलेल्यांचा आकडा लाखाच्या पुढचा आहे. नंतर १८०४मध्ये नेपोलियननं या बंडखोर मुलुखाच्या मधोमध, सैन्य झटकन हलवता यावं म्हणून, सरळ रस्त्यांचं पंचकोनी शहर वसवलं. तेच ला रोश. त्याचं नाव आधी नेपोलियन, मग राजे आल्यावर बूरबाँ-वाँदे, मग पुन्हा नेपोलियन, मग नेपोलियन-वाँदे, आणि १८७०मध्ये परत जुनं ला रोश-सुर-योन. मधल्या चौकात घोड्यावर बसलेला नेपोलियन आहे, मादाम त्याला वळसा घालून बाजारात जायच्या.

त्या भागात घरं 'पांढरी' आणि 'निळी' असतात. पांढरी म्हणजे राजाची आणि चर्चची, निळी प्रजासत्ताकाची, सैनिकांच्या निळ्या डगल्यांवरून. नुसती पांढरीच होती असं नव्हे, प्रजासत्ताकाचा वाघ म्हणवला जाणारा पंतप्रधान क्लेमाँसो हाही वाँदेचाच, निळ्या घरातला. मादाम पक्क्या पांढऱ्या घरातल्या. नवरा निळा, सरकारी शाळेतला मास्तर. लग्नाला दोन्हीकडून विरोध झाला होता, आणि दोघांच्या चर्चमधल्या लग्नाला सासरे बाहेर फाटकापाशी उभे राहिले, आत आले नाहीत.

माझं कंत्राट मे महिन्यात संपलं, पण १४ जुलै बघून जायचं म्हणून मी थांबले. रविवार होता. दुपारी जेवण झाल्यावर मादामनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मला म्हणाल्या, "तू तरुण आहेस, स्टुलावर चढ. मला आता जमत नाही." आत तिरंगा होता, काठीसकट, जरासा विटलेला. रस्त्याकडच्या खिडकीच्या बाहेर लोखंडी कडं होतं, त्यात मी तो खोचला. त्या खालून "थोडा डावीकडे, तो सरळ ठेवायचा" असं सांगत होत्या. मी स्टुलावरून उतरले, तशा त्या पुढे झाल्या आणि त्यांनी खिडकीच्या लाकडी झडपा ओढून घेतल्या, आतून अडसर घातला. मग दुसऱ्या खिडकीच्या, मग तिसऱ्या. भर उन्हाळ्यातली दुपार, घरात अंधार.

मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. नवरा दरवर्षी झेंडा लावायचा आणि त्या दरवर्षी त्याच्या मागच्या झडपा बंद करायच्या. यावरून बत्तीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. तो गेल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी नुसत्याच झडपा बंद केल्या, तर रात्रभर झोप लागली नाही.

संध्याकाळी मी अग्निशामक दलाच्या आवारातल्या नाचाला गेले, तो तिथला रिवाज आहे. अकॉर्डियन, कागदी कंदील, मध्यरात्री शोभेचं दारूकाम. परतले तेव्हा घर बाहेरून तसंच, झेंडा आणि बंद झडपा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो उतरवला. मादामनी इस्त्री गरम करून ठेवली होती. पांढऱ्या पट्ट्यावर गंजाचा एक डाग पडला होता, तो काढायला त्यांनी लिंबू आणि मीठ आणलं, आणि मला म्हणाल्या, "हळू चोळ, कापड जुनं आहे."